आलेखातली मोकळी जागा

दीक्षाने ठिपके दिले नव्हते, चौकोन भरले होते. तिच्या बाकाशी उभा राहून मी कागदाकडे पाहत राहिलो, आणि फरशी किंचित एका बाजूला कलल्यासारखी वाटली. औषधांच्या गोदामातल्या थंड खोलीचं तासातासाचं तापमान मी फळ्यावर लिहून दिलं होतं. ते आलेखाच्या कागदावर मांडायचं, एवढंच. बाकीच्या मुलांचे ठिपके वाकडेतिकडे, कुणाचे भोपळ्याएवढे मोठे, पण निदान आडव्याउभ्या रेषा भेटतात तिथे तरी होते. दीक्षाने लाल पेन्सिलीने एकेक बारका चौकोन भरला होता. कडेला कुठे पांढरं राहिलं नव्हतं, रंग रेषेबाहेर सांडला नव्हता. दुपारच्या त्या उजेडात कागदावर लाल पायऱ्या चढत होत्या, उतरत होत्या, आणि त्या इतक्या सुंदर दिसत होत्या की हे चूक आहे असं म्हणायला माझी जीभ वळेना. मागच्या बाकावरून मितेश वाकून पाहत होता. "सर, हिनं तं साडीचा काठ इनला!" तो म्हणाला, आणि वर्ग हसला. दीक्षाही हसली, पण तिचा हात कागदावर आडवा झाला होता.

मी शिक्षक नाही. गणिताची पदवी घेतली तेव्हा व्हायचं मनात होतं, पण पहिल्याच मुलाखतीत समोर बसलेल्या चार माणसांच्या नजरा पाहून माझा आवाज नाहीसा झाला, आणि मी पुस्तकांकडे वळलो. सारी नोकरी एका वाचनालयाच्या टेबलामागे झाली. पुस्तक घ्यायला माणूस येतो, त्याला पुस्तक हवं असतं, आपण नको असतो, हे मला फार बरं वाटे. वाचनालयात लहानपणी गोष्टींची पुस्तकं न्यायला येणारी वैशाली आता राहनाळला व्यवसाय शिक्षणाचं केंद्र चालवते. तीच एकदा घरी आली आणि म्हणाली, "काका, गोदामात काम करायला पोरं तयार करतेय. मशीन शिकवायला माणसं आहेत माझ्याकडे. पण पोरांना पाटी वाचता येत नाही, टक्के कळत नाहीत, आलेख दाखवला की डोळे फिरतात. तुम्ही शिकवा ना." मी नाही म्हणणार होतो. नाही म्हणायला जो थोडा आवाज लागतो तो वेळेवर निघाला नाही. म्हणून मी दुपारचा शेअर रिक्षाने राहनाळला जातो. खाली खोक्यांचं गोदाम आहे, वर आमचा वर्ग. आम्ही खोक्यांवरच्या खुणा वाचतो, कुठली बाजू वर, कुठल्या खोक्यावर दुसरं ठेवायचं नाही. आगीच्या वेळी काय करायचं त्याच्या सूचना एकेकजण उभा राहून मोठ्याने वाचतो. एका थरात खोकी किती आणि थर किती याचे गुणाकार करतो. रोज जिना चढताना मला वाटतं, आज यांना कळेल की या म्हाताऱ्याला काही येत नाही.

वर्ग सुटल्यावर दीक्षा थांबली. तिने पट्टी, पेन्सिल, कागद पुन्हा मांडले. मी बोटाने दाखवलं. "ठिपका इथे हवा. ही रेष आणि ही रेष भेटते तिथे."

"तिथं जागाच न्हाय सर," ती म्हणाली. "जागा तर चौकोनात हाय."

"ठिपक्याला जागा लागत नाही."

"मग तिथं काय ठेवलं?"

तिनेच मग सांगितलं. तिचे वडील बाळाराम नक्षीदार कापड विणणाऱ्या जॅकार्डच्या लूमसाठी, म्हणजे यंत्रमागासाठी, नक्षीचे पुठ्ठे पाडायचे. आधी नक्षी अशाच चौकोनी कागदावर रंगवायची. एक चौकोन म्हणजे ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याचा एक आडवा धागा यांची गाठभेट. चौकोन रंगवला असेल तर तिथे ताण्याचा धागा वर येणार, रिकामा असेल तर खाली जाणार. मग पुठ्ठ्याला तशी भोकं पाडायची. लहानपणी दीक्षा वडिलांच्या मांडीशी बसून चौकोन भरायची. "पप्पा बोलायचे, रेषा बघू नको. रेषा छापखान्याच्या. आपले चौकोन." आता नक्षी कॉम्प्युटरवर होते आणि बाळाराम घरी असतात. ती हे सांगताना काही फार वाईट वाटल्यासारखं सांगत नव्हती. पेन्सिलीचं टोक तपासत होती. "म्हणून माझं चुकलं," ती म्हणाली, "आता रेषा बघायच्या, बरोबर?"

संध्याकाळी घरी जाताना धामणकर नाक्याला उतरलो तर सगळीकडे चौकोनच दिसायला लागले. दुकानांची शटरं, टेम्पोच्या मागच्या जाळ्या, समोरच्या इमारतीच्या खिडक्या, त्यांतले काही भरलेले पिवळे, काही रिकामे. माणसं मात्र रेषांवरून चालत होती, भेटत होती, निघून जात होती, आणि भेटीच्या जागी मागे काही उरत नव्हतं. मी एका चहाच्या टपरीला टेकून हे पाहत राहिलो. मागच्या गल्लीत लूम चालत होते. त्या खटखटीत मी इतकी वर्षं राहिलो आहे की ती मला ऐकूच येत नाही. वीज गेली की मात्र एकदम ऐकू येतं, म्हणजे काहीच नाही ते ऐकू येतं. तुळजा, माझी बायको, अशा वेळी हातातलं काम थांबवून म्हणायची, "आता बोला काय बोलायचंय ते." आणि मला त्या शांततेत बोलायला काही सापडायचं नाही. ती थोडी वाट पाहायची, मग हसून पुन्हा भाजी निवडायला घ्यायची. वीज आली की दोघांनाही सुटल्यासारखं वाटत असावं. वाटत असावं, असं मी म्हणतो. तिला काय वाटत असे ते मी कधी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात वैशालीने वर्गात येऊन सांगितलं की जवळच्या पूर्णा गावातल्या औषधांच्या गोदामातून मनोज शिंगोळे नावाचे सुपरवायझर पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी येणार आहेत. थंड खोलीसाठी त्यांना एक माणूस हवा आहे, कायमचा. आलेख वाचता आला पाहिजे. वर्गात कुजबुज झाली. मितेशने हात वर केला. त्याच्या आजोबांची भातशेती होती तिथेच आता ते गोदाम उभं आहे, हे तो सगळ्यांना सांगतो. "मॅडम, आमचे जाग्यावर हाय ते. मना तं डायरेक घ्यायला पायजे." "जागा विकलीस ना? मग आता परीक्षा दे," वैशाली म्हणाली, आणि मितेशच सगळ्यांत मोठ्याने हसला. दीक्षा हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

पायऱ्या उतरताना तिने मला गाठलं. सकाळी नाक्यावर ठेकेदाराचा टेम्पो येतो. पॅकिंगला मुली नेतो. टेम्पो भरला की उरलेल्या मुली घरी. "माझा नंबर लागतो कधी, कधी न्हाय लागत," ती म्हणाली. "डबा घेऊन परत यायचं, सर. तोच डबा दुपारी घरात बसून खायचा. आई कायच बोलत न्हाय, ते जास्त लागतं." मग जरा थांबून, "थंड खोलीत रोज बोलावतील. नाक्यावर उभं राहून बघत बसावं न्हाय लागणार, मला उचलतात का न्हाय. मला शिकवा तुम्ही. चौकोन काढून टाका माझ्या डोक्यातून."

मला भीती वाटली. कुणाच्या डोक्यातून काही काढून टाकायचं, तर त्याजागी ठेवायला आपल्यापाशी काही तरी पाहिजे. पण मी शिकवलं. रोज वर्गानंतर ती थांबे. ठिपका द्यायला ती लौकर शिकली, बारीक, मोहरीएवढा. मग मी ठिपके जोडायला सांगितलं, आणि तिथे ती अडली.

"दहा वाजता चार डिग्री," मी म्हटलं. "अकराला पाच. मग साडेदहाला?"

"साडेदहाला मोजलंच न्हाय."

"मोजलं नाही तरी काहीतरी असेलच ना. साधारण साडेचार असेल असं आपण धरतो. म्हणून रेष काढतो."

"कोण धरतं?"

"आपण. सगळेच."

"न बघता?"

"न बघता."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला थोडीशी लबाडी शिकवतोय. मग पट्टी लावली आणि रेष ओढली. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी कसा सांगू. इतकी वर्षं मी लोकांच्या हातात दुसऱ्यांची पुस्तकं दिली, आज माझ्याकडचं काहीतरी एका माणसात गेलं होतं. पुढचे दिवस स्वप्नातल्यासारखे गेले. दीक्षा रेषा ओढत होती आणि त्या तिला आवडायला लागल्या होत्या. "सर, ही बघा कशी झोपली दुपारी," ती म्हणे, सपाट रेषेवर बोट फिरवत. "आन् इथं कुणीतरी दार उघडं टाकलं, ही उठून बसली." मी मान डोलवी. खिडकीबाहेर गोदामांची लांबच लांब निळी छपरं उन्हात चमकत असत, आणि मला वाटे, त्यांच्यावरूनही एक रेष गेली आहे, राहनाळपासून पूर्ण्यापर्यंत, कुठेही न तुटता, आणि मी तिच्यावरून पाय न टेकता चाललो आहे.

शनिवारी मनोज आले. तरुण, गळ्यात ओळखपत्र, बोलणं भराभर. मला म्हणाले, "काका, तुम्ही बसा आरामात." त्यांनी एकेकाला छापील आकडे दिले, थंड खोलीतल्या एका खऱ्या दिवसाचे, आणि आलेख काढायला सांगितला. दुपारचे काही तास कोरे होते. नंतर कळलं, त्या दिवशी वीज गेली होती आणि तापमान नोंदणारं यंत्रही बंद पडलं होतं. ते त्यांनी मुलांना सांगितलं नाही. ते कोरे तास मी माझ्या खुर्चीतून पाहिले, आणि छापताना राहिलं असेल असं समजून पुढे पाहू लागलो.

दीक्षाचा कागद सगळ्यांत स्वच्छ होता. मनोजनी तो उचलला, कौतुकाने पाहिला, आणि त्यांची भुवई वर गेली. कोऱ्या तासांवरून तिने पट्टीने एक सरळ रेष नेली होती, अलीकडच्या ठिपक्यापासून पलीकडच्या ठिपक्यापर्यंत. "ही रेष कुठून आली?" त्यांनी विचारलं.

"जोडली, सर."

"इथे चार डिग्री होतं हे तुला कुणी सांगितलं?"

दीक्षाने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही हे मला फार जोराने जाणवलं. "असेलच ना," ती म्हणाली.

"तिथे इन्सुलिन असतं," मनोज म्हणाले. रागावून नाही, थकून. "त्या वेळात खोली तापली असेल, नसेल. आपल्याला माहीत नाही. तू रेष काढलीस म्हणजे तू सही केलीस की माल चांगला आहे. उद्या कुणीतरी तो टोचून घेणार." त्यांनी कागद खाली ठेवला, हळू, आणि दुसरा उचलला. तो मितेशचा होता. मितेशचा आलेख कोऱ्या तासांपाशी तुटला होता आणि पलीकडे पुन्हा सुरू झाला होता. "हे बरोबर. याने जागा मोकळी सोडली." मितेश आधी गोंधळला, मग त्याने छाती पुढे काढली. नंतर जिन्यात तो मला म्हणाला, "सर, मना काय म्हाईत न्हाय. तिथं आकडाच नव्हता, मी बोललो पुढचं करू, हे नंतर बघू. मंग टाइम संपला."

त्या दिवशी मी रिक्षाने गेलो नाही, चालत निघालो. तिने पूर्वीसारखे चौकोन भरले असते तर कोऱ्या तासांचे चौकोन कोरे राहिले असते. वडिलांनी तिला तेच शिकवलं होतं, रिकामं ते रिकामं. मीच तिला रेष दिली. रस्त्याकडेला ट्रक उभे होते, त्यांच्या सावल्या एकमेकींना लागून लांब पडल्या होत्या, आणि त्या सावल्यांमधून चालताना मला तुळजा आठवत होती. आमच्या लग्नातली तुळजा मला स्पष्ट दिसते, हळदीने पिवळे झालेले हात, खाली घातलेली मान. शेवटच्या वर्षांतली दिसते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पण मधली? चाळिशीतली तुळजा कशी होती? मी आठवू लागलो. तिथे काही नव्हतं. फोटो नाही, आवाज नाही. ती घरातच होती, मी घरातच होतो, लूम चालू होते. आणि तरी कुणी विचारलं तर मी सांगत आलो, ती नेहमी अशीच होती, शांत, हसतमुख. या टोकापासून त्या टोकापर्यंत मी एक सरळ रेष ओढून ठेवली होती. तिच्या आत त्या वर्षांत काय तापलं, काय निवलं, कुणाला माहीत. रेष इतकी जुनी झाली होती की तीच मला तुळजा वाटायला लागली होती.

मी पूर्ण्याला कसा पोचलो ते मला नीटसं आठवत नाही. गोदामाच्या फाटकाशी पहारेकरी होता. तो म्हणाला, "किससे मिलना है चाचा?" आणि माझा आवाज, जो आयुष्यभर वेळेवर नाहीसा होत आला, तो होता. मनोज बाहेर आले. मी त्यांना उभ्याउभ्याच सांगितलं. फार गुंतागुंतीचं सांगितलं. ठिपका, रेष, चौकोन, बाळाराम, जॅकार्ड. ते घड्याळाकडे पाहत होते. शेवटी मी म्हटलं, "मोकळी जागा असते हे मी तिला सांगितलंच नाही. मला स्वतःलाच ते आज कळलं. तिचं चुकलं ते माझं आहे. तिला एकदा परत बघा."

"काका, जागा एक आहे," ते म्हणाले. "आणि उद्या औषधांशी तिची गाठ आहे, तुमची नाही. तुम्ही शिकवलेलं ती विसरू शकेल का?" खोटं सांगता आलं असतं, अगदी सरळ. "माहीत नाही," मी म्हटलं. कशामुळे कोण जाणे, त्यांचा चेहरा सैल झाला. "सोमवारी सकाळी तिला आणि मितेशला, दोघांना घेऊन या. कागद नको. यंत्रासमोरच उभं करतो."

दीक्षाला मी काही शिकवलं नाही. रविवारी तिचा फोन आला, "सर, मग कधी जोडायचं आन् कधी न्हाय, तेवढं सांगा ना." मी सांगायला तोंड उघडलं आणि मला दिसलं की मी पुन्हा एक नियम देणार आहे, आणि ती तो पुन्हा पट्टी लावून पाळणार आहे. "तिथे जाऊन ठरव," मी म्हटलं. ती "बरं" म्हणाली, त्या आवाजात मी तिला वाऱ्यावर सोडल्याचा राग होता, आणि तो रास्तच असू शकेल असं मला दिवसभर वाटत राहिलं.

थंड खोलीला एक काचेची खिडकी होती. मला आत घेतलं नाही, मी बाहेर उभा राहिलो. मनोजनी दोघांना जाड निळी जाकिटं दिली. मितेशचं त्याला पुरेना, दीक्षाचं तिच्या बोटांवर उतरत होतं. काचेतून आवाज येत नव्हता. दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि ती हळूहळू काचेवर बसत होती, त्यामुळे सगळं पाण्याखाली चालल्यासारखं दिसत होतं. आधी मितेश. त्याने हात हलवून काहीतरी ठासून सांगितलं, मनोज हसले, त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग दीक्षा पुढे झाली. यंत्राच्या पडद्यावर आलेख होता, मला फक्त त्याचा हिरवा उजेड तिच्या गालावर दिसत होता. तिने बाही मागे सारली आणि बोट पडद्याला लावलं. बोट सरकू लागलं. ओठ हलत होते. एका जागी बोट थांबलं. मीही थांबलो. ती पडद्याच्या अगदी जवळ वाकली, जसं माणूस विहिरीत डोकावतं. मग तिने बोट उचललं. ते हवेत तसंच उचललेलं राहिलं, आणि हवेतूनच थोडं पुढे जाऊन पलीकडे टेकलं. मनोजनी काहीतरी विचारलं. तिने दोन्ही रिकामे हात उघडून दाखवले.

दार उघडलं आणि माझ्या तोंडावर गार हवेचा झोत आला. पहिला मितेश बाहेर पडला, कान चोळत. "न्हाय बाबा, मी तं फोर्कलिफ्टच चालवतो. मेलो असतो आत." मागून मनोजचा आवाज आला, "दीक्षा, उद्यापासून ये. आतून स्वेटर घाल, जाकीट पुरत नाही." ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या पापण्यांवर वाफेचे बारीक थेंब होते. नोकरी लागली हे तिच्या चेहऱ्यापर्यंत अजून पोचलं नसावं.

"सर, रागावू नका," ती म्हणाली. "आत गेल्यावर तुम्ही शिकवलेलं कायच आठवलं न्हाय."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली, "बघितलं."